चंपी शेळीचे मालक

मित्रांनो, एखादं पातळसं मासिक हातात घ्या आणि बरोबर मधोमध उघडा. घडीवर दोन बारीक तारा मारलेल्या दिसतील. त्या तारा मारण्यातच माझं सगळं आयुष्य गेलं. मी पिना मारायचं जुनं मशीन. जन्म अमृतसरचा, नोकरी लातूरची आणि आता म्हातारपण नांदेडला. पाठीवर तारेचं रीळ, पोटात कात्री आणि खाली पायडल. पायडलावर पाय पडला की तार कापली जाते, वाकते, कागदातून आरपार जाते आणि मागच्या बाजूला दुमडून बसते. एवढंच माझं काम. पण हे काम होईपर्यंत मासिक म्हणजे नुसते सुटे कागद असतात, याचा मला फार अभिमान होता. अभिमान जिथं असतो तिथं हेवा फार लांब नसतो. मला हेवा करता येतो, चांगलाच येतो. पण माझ्याहून जास्त हेवा करणारं एक माणूस मी पाहिलं आणि माझा सगळा जीव त्याच माणसावर होता. तिचं नाव सुकन्या.

सुकन्याचे वडील सिद्रामप्पा. लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं वह्यांचं ठोक दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरं धोतर-शर्ट, बोलणं कमी. शाळाशाळांना वह्या पुरवता पुरवता त्यांच्या मनात आलं की पोरांना आपण कोरे कागद तर देतो, पण वाचायला काय देतो? बाहेरून येणाऱ्या मासिकांतली मुलं समुद्रावर जायची, बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारायची. आपल्या निलंग्याच्या, मुखेडच्या पोरांना त्यातलं काय ओळखीचं? म्हणून त्यांनी मुलांचं मासिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘भुईनळा’. कुणी विचारलं तर सांगायचे, “बाण आभाळात जातो अन् तिकडंच विझतो. भुईनळा भुईवर बसूनच उजेड देतो.” दुकानाच्या मागच्या खोलीत छपाईचं यंत्र आलं आणि त्याच्या शेजारी मी आलो.

सुकन्या तेव्हा शाळेत होती. शाळा सुटली की दप्तर टाकून माझ्यापुढच्या स्टुलावर येऊन बसायची. पाय पायडलापर्यंत पोचायचा नाही, म्हणून स्टुलाच्या कडेला घसरून बसायची. घडीवर घडी घालून अंक माझ्यावर ठेवायची आणि खट्, खट्. माझ्यात तेल घालायचं तेही तीच. तिचा धाकटा भाऊ शिवप्रसाद या खोलीत फिरकायचा नाही. त्याला लहानपणापासून मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, सोयाबीनच्या राशी आवडायच्या. सुकन्याला मात्र शाईचा वास लागला होता. नववीत असताना तिनं अंकाचं मुखपृष्ठ काढलं. हातात पणती घेतलेली मुलगी होती. नाकडोळे रेखीव, परकर घेरदार, पणतीभोवती सोनेरी वलय. आतल्या पानावर छापून आलं, ‘मुखपृष्ठ : सुकन्या’. त्यानंतर कितीतरी वर्षं दिवाळी अंकाचं चित्र तिचंच असायचं आणि त्या अंकाला तार माझीच असायची. आम्हा दोघांचंही वर्षातलं सगळ्यात मोठं काम ते. दिवाळी अंक मारताना ती माझ्याशी बोलायची नाही, पण पाय असा पडायचा की मला कळायचं, आज हिची कळी खुललेली आहे.

मग एका वर्षी दोघांवर एकदमच आलं.

वाचक वाढले, जाहिराती आल्या, दिवाळी अंक जाड झाला. जाड अंकाला मधे तार बसत नाही. त्याची पाठ गरम डिंकानं चिकटवावी लागते. सिद्रामप्पांनी त्यासाठी नवं मशीन आणलं आणि ते बरोबर माझ्यासमोर ठेवलं. हिरवा रंग, वर झाकण, बाजूला लाल दिवा. त्याची पूजा झाली, नारळ फुटला. माझ्या वेळी नारळ फुटला होता का हे मला आठवेना. दिवाळी अंक त्याच्याकडे गेला आणि माझ्याकडे राहिले बाकीच्या महिन्यांचे बारके अंक. मी रागानं दोनतीनदा तार वाकडी मारली. सुकन्यानं मला उघडून साफ केलं, तेल दिलं आणि हळूच म्हणाली, “तुझं काय बिघडलंय ते मला कळतं.” तिला खरंच कळत होतं, कारण त्याच महिन्यात पंचशीला आली होती.

पंचशीला मुखेडची. वडील आनंदराज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. ती लातूरला चित्रकला शिक्षकाचा कोर्स करायला आली होती आणि खोलीभाडं सुटावं म्हणून काम शोधत होती. बारीक अंगाची, केसांची घट्ट वेणी, कागदाकडे बघताना ओठ दाबून धरायची सवय. सिद्रामप्पांनी तिला एक कविता दिली आणि चित्र काढायला सांगितलं. तिनं तिथंच, माझ्याच टेबलावर कागद ठेवून काढलं. सिद्रामप्पा चित्र बघत राहिले, मग म्हणाले, “उद्यापासून ये.”

दिवाळीच्या मुखपृष्ठासाठी त्या वर्षी दोन चित्रं झाली. सिद्रामप्पांची एक पद्धत होती. मासिक पोरांचं, तर पोरांनाच विचारायचं. गल्लीतल्या शाळेची मुलं बोलावली आणि दोन्ही चित्रं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. सुकन्याचं चित्र म्हणजे नदीकाठी दिवे सोडणाऱ्या मुली. फार नाजूक, फार मन लावून काढलेलं. पंचशीलाचं चित्र मुखेडच्या आठवडी बाजाराचं. त्यात एका म्हाताऱ्याचं लक्ष नाही आणि मागून एक शेळी त्याच्या फेट्याचा लोंबता शेव खाते आहे. खाताना शेळी सरळ आपल्याकडे बघते आहे, जणू म्हणते, सांगू नका.

पोरं आधी खुदखुदली, मग पोट धरून हसली. एका मुलीनं सुकन्याच्या चित्राकडे बोट करून अगदी सरळ मनानं सांगितलं, “हे बी छान हाय. कॅलेंडरवाणी हाय.”

सुकन्या हसली. मी तिच्या हाताच्या अंतरावर होतो. तिनं माझी कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

त्या शेळीचं नाव पोरांनीच ठेवलं, चंपी. चंपी इतकी आवडली की दर महिन्याला तिची दोन पानांची चित्रकथा सुरू झाली. ती एसटीत चढायची आणि कंडक्टरचं तिकीट खायची. सरपंचाच्या सभेत जाऊन हार खायची. देगलूरच्या बाजारात गेली तेव्हा तिला तेलुगूत बोलणारी मैत्रीण भेटली. आता ऐका, चित्रं पंचशीलाची, पण चंपीचं बोलणं सुकन्या लिहायची. पंचशीलाला लिहिता यायचं नाही असं नव्हे, पण सुकन्याच्या लेखणीत जे ठसक्याचं बोलणं होतं ते तिच्या स्वतःच्या चित्रात कधी उतरलं नव्हतं. चंपीला जीभ सुकन्यानं दिली. पण चित्राखाली कोपऱ्यात सही असायची ती पंचशीलाची. सुकन्याचं नाव आत बारीक अक्षरांत ‘संपादन’ म्हणून यायचं. ते कुठलं पोर वाचतं?

नायगावच्या एका शाळेनं दोघींना बोलावलं होतं. तिथलं मला सुकन्याच्या तोंडूनच कळलं. आल्यावर ती स्टुलावर बसून, कधी नव्हे ते आत आलेल्या शिवप्रसादला सांगत होती. मुलांनी पंचशीलाला गराडा घातला, वहीवर, हातावर, पुठ्ठ्यावर, मिळेल तिथं शेळी काढून घेतली. फोटो काढताना गुरुजी सुकन्याला म्हणाले, “ताई, जरा बाजूला होता का? चंपीच्या बाई झाकल्या जातायत.” शिवप्रसाद हसला. सुकन्याही हसली. मग तो गेल्यावर तिनं कागद ओढला आणि एक शेळी काढली. तोंड काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. ती शेळी चांगली होती, पण ती कुणाकडेच बघत नव्हती. सुकन्यानं कागदाचा बोळा केला. त्यानंतर तिनं चित्र काढणंच सोडलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. प्रेसच्या खिडकीत एक स्टीलचा गिलास पालथा ठेवलेला असायचा. सुकन्याची आई मल्लम्मा, घरात तिला सगळे अव्वा म्हणत, सगळ्यांना लागूनच्या घरातून चहा पाठवायची. पंचशीलाचा चहा त्या खिडकीतल्या गिलासात ओतला जायचा. पिऊन झाला की पंचशीला तो स्वतः विसळून पुन्हा पालथा घालायची. कुणी काही बोलत नव्हतं. अव्वा वाईट बाई नव्हती, पंचशीला उपाशी दिसली की तिला जेवल्याशिवाय जाऊ देत नसे. पण ताट स्वयंपाकघरात न लागता पुढच्या खोलीत यायचं. सुकन्याला ते दिसायचं. मलाही दिसायचं, पण मला बोलता कुठं येत होतं?

पुढं पंचशीलाचं लग्न झालं, ती नांदेडला गेली. तिथं शाळेत चित्रकला शिकवायला लागली आणि नवऱ्याबरोबर पाठ्यपुस्तकांची चित्रं, मग छपाई, मग स्वतःचा प्रेस, असं तिचं वाढत गेलं. चंपीची चित्रं मात्र दर महिन्याला न चुकता लातूरला यायची. सुकन्याचंही लग्न गावातच झालं. नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. त्यामुळं ती सकाळी घरचं उरकून प्रेसमध्ये यायची आणि सगळा ‘भुईनळा’ तीच बघायची. सिद्रामप्पा थकले होते. त्यांनी मासिकाची कंपनी केली आणि निम्मी शिवप्रसादच्या नावावर, निम्मी सुकन्याच्या नावावर लावून दिली. एकाला विकायची झाली तर दुसऱ्याची सही लागेल, असं त्यांनी मुद्दाम ठेवलं. शिवप्रसादला ते थोडं लागलं. तो म्हणालाही, “अप्पा, लेकाला अर्धं अन् लेकीला अर्धं?” सिद्रामप्पा म्हणाले, “काम तिनं केलंय.” एवढंच.

ते गेल्यावर दोन वर्षांनी शिवप्रसादनं मासिक विकायचा विषय काढला. मोंढ्यात त्याचा जम बसला होता, मासिकात त्याला जीव नव्हता आणि टाळेबंदीनंतर शाळांची वर्गणीही आटली होती. दोघांनी बसून ठरवलं की मासिक चालवायला आता दुसरं मोठं घर लागेल. गिऱ्हाइकं दोन आली.

एक मडिवाळप्पा. नात्यातलेच, लातुरात त्यांचे शिकवण्यांचे मोठे वर्ग. त्यांना ‘भुईनळा’चं नाव हवं होतं आणि ज्या शेकडो शाळांत ते नाव ओळखीचं होतं त्या शाळा हव्या होत्या. आत काय छापायचं ते त्यांचं ठरलेलं होतं, स्पर्धा परीक्षांचे सरावसंच. दुसरी पंचशीला. ती नांदेडहून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “मी घेते. मासिक हाय तसंच राहील. चंपी राहील. सुकन्याताई, तूच संपादक राहा, मला दुसरं कुणी नको.”

शिवप्रसादला पंचशीलाचंच बरं वाटलं. त्याला मासिकात रस नव्हता, पण वडिलांचं नाव टिकावं एवढी माया होती. सगळ्यांचे डोळे सुकन्याकडे गेले. मीही बघत होतो आणि खरं सांगायचं तर मला माझीच काळजी होती. पंचशीलाच्या प्रेसमध्ये घड्या घालणारं, तार मारणारं, कडा कापणारं असं एकच मोठं मशीन आलंय, हे मी ऐकलं होतं. तिच्याकडे गेलो तर मी भंगारात. म्हणून मी मनातल्या मनात म्हणत होतो, नको म्हण, सुकन्या, नको म्हण.

सुकन्या म्हणाली, “मी विचार करते.” पंचशीला गेल्यावर ती शिवप्रसादला म्हणाली, “मडिवाळप्पांना देऊ.”

शिवप्रसाद चमकला. “अक्का, त्यांना दिलं तर मासिक मरतंय. मला सोयाबीनवाल्याला कळतं, तुला न्हाई कळत?”

“कळतं.”

“मग?”

“मग काही न्हाई. मी तिच्या हाताखाली बसणार न्हाई.”

तिच्या सहीशिवाय पंचशीलाला देता येत नव्हतं. दोघांनी सह्या केल्या. सही करताना सुकन्याचा चेहरा मी बघितला. असा चेहरा मी पोरांच्या भांडणात बघितला होता, ज्याला खेळणं मिळत नाही ते पोर खेळणं मोडून टाकतं तेव्हाचा.

मित्रांनो, त्या दिवशी मला आनंद झाला. आणि मग जे झालं ते असं. समोरचं हिरवं डिंकाचं मशीन मडिवाळप्पांनी पहिल्याच महिन्यात काढून टाकलं, कारण आता जाड दिवाळी अंकच निघणार नव्हता. माझा वैरी गेला. सरावसंच पातळ, म्हणजे सगळं काम माझ्याकडे. जन्मात मारल्या नव्हत्या इतक्या तारा मी त्या दिवसांत मारल्या. पण पूर्वी अंक निघायचा तेव्हा गल्लीतली पोरं प्रेसच्या दारात यायची, ओल्या शाईचा अंक तिथंच उघडायची, चंपीचं पान काढायची आणि हसायची. ते हसणं ऐकायची मला सवय होती, हे मला तेव्हा कळलं. आता दारात कुणी येत नव्हतं. मुखपृष्ठावर तेच नाव, ‘भुईनळा’, आत प्रश्नच प्रश्न. मला हवं ते सगळं मिळालं होतं आणि मला ते नको झालं होतं.

सुकन्याला मडिवाळप्पांनी व्यवस्थापक म्हणून ठेवलं होतं. ती येई, काम करी, जाई. चंपीचं नाव तिनं कधी काढलं नाही. तिची मुलगी अक्षरा शाळा सुटली की प्रेसमध्ये यायची. एका दुपारी अक्षरानं माझ्या टेबलावरचा खराब झालेला सरावसंच घेतला, पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं काहीतरी काढू लागली. सुकन्या हिशेब बघत होती. उठून आली, मागं उभी राहून बघू लागली.

शेळी होती. पाय वेडेवाकडे, पोट फुगलेलं. पण तोंडात सरावसंचाचा कागद होता आणि ती सरळ बघणाऱ्याकडे बघत होती.

मी सुकन्याचा चेहरा ओळखत होतो. तिचे ओठ आवळले गेले, नाकपुड्या ताणल्या. नायगावहून आली होती त्या दिवशीचाच तो चेहरा. क्षणभरच, पण आला. स्वतःच्या लेकीवर आला. मग तिला स्वतःलाच ते कळलं असावं, कारण ती दोन पावलं मागं सरली, पोळल्यासारखी. अक्षरानं वर बघितलं आणि विचारलं, “आई, वाईट झालं का?”

“न्हाई,” सुकन्या म्हणाली. “लई चांगलं झालंय.”

दुसऱ्या दिवशी तिनं पंचशीलाला फोन केला. तोपर्यंत मडिवाळप्पांचंही मन उडालं होतं. सरावसंच आता पोरं मोबाइलवर सोडवत होती, छापील कुणाला नको होते. ते म्हणाले, नाव आणि मशीन कुणी नेत असेल तर नेऊ द्या. सुकन्यानंच त्यांना पंचशीलाचं नाव सुचवलं.

पंचशीला आली ती चार वर्षांनी. केसांत पांढरं दिसू लागलं होतं, वेणी तशीच घट्ट. तिनं मशिनं बघितली, माझ्यावरून हात फिरवला. मग सुकन्यासमोर बसली आणि सरळ विचारलं, “तवा का न्हाई दिलं?”

सुकन्या समोरचा हिशेबाचा कागद सरळ करत राहिली.

“मीच सांगू? मला तवाच कळलं होतं. मी नांदेडला जाईपर्यंत एसटीत रडत होते. आमच्या हातात द्यायचं तुमच्यात बसत न्हाई, एवढंच होतं ते. खिडकीतला गिलास मी विसरले न्हाई.”

सुकन्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही हो म्हणेल किंवा नाही म्हणेल आणि दोन्ही खोटंच वाटेल. ती मान खाली घालून बोलली.

“गिलासामुळं न्हाई. चित्रामुळं. तुझ्यासारखं मला काढता येईना. पोरं तुझ्या चित्राला हसली, माझ्या चित्राला कॅलेंडर म्हणाली, तवापासून मला तुझा हेवा वाटतो. तू घेतलं असतं तर ‘भुईनळा’ जगला असता आणि सगळे म्हणाले असते, चंपीच्या बाईनं जगवला. ते मला बघवलं नसतं. म्हणून मी तो मारायला दिला.”

पंचशीला तिच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं एक दुखणं एका नावानं सांभाळलं आणि आज कुणी येऊन सांगितलं की त्याचं नाव दुसरंच होतं. तिला बरं वाटलं की आणखी वाईट, मला सांगता येत नाही. तिलाही सांगता आलं नसतं.

“आन् गिलास?” तिनं विचारलं.

“तो होताच,” सुकन्या म्हणाली. “मला दिसत होता. अव्वाला एकदा म्हणाले असते तर तिनं उचलला असता. मी म्हणाले न्हाई. तेवढ्यात तरी तू माझ्यापेक्षा खाली होतीस, असं वाटत असंल.”

बाहेर गल्लीत भांडीवाल्याची हाळी आली आणि गेली. पंचशीलानं डोळे पुसले. ते अश्रू सुकन्यासाठी नव्हते, तिच्या स्वतःच्या जुन्या दिवसांसाठी होते असं मला वाटलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. सुकन्यानंही माफी मागितली नाही, कारण तिनं सांगितलं त्यापुढं माफी म्हणजे फारच छोटा शब्द झाला असता.

“मी घेते,” शेवटी पंचशीला म्हणाली. “पण चंपीचं बोलणं मला येत न्हाई. मी चार वर्षं लिहून बघितलं. माझी शेळी मुकी हाय.”

सुकन्यानं मान वर केली. हे तिला ठाऊक नव्हतं.

“लिहिशील?”

“मला अजून हेवा वाटतो,” सुकन्या म्हणाली. “तो गेला न्हाई. पुढं बी जाईल असं न्हाई.”

“वाटू दे,” पंचशीला म्हणाली. “मजकूर तेवढा वीस तारखेच्या आत दे.”

अशा रीतीनं, मित्रांनो, ‘भुईनळा’ पुन्हा एकदा विकला गेला. एका ट्रकमध्ये मला बांधलं, अहमदपूर-लोह्यावरून नांदेडला आणलं. भंगारात जाईन ही माझी भीती खोटी ठरली. मोठं मशीन आतल्या हॉलमध्ये आहे, सगळा ‘भुईनळा’ तेच बांधतं. मला पुढच्या खोलीत ठेवलंय. रविवारी शाळेतली मुलं आपापली हस्तलिखितं घेऊन येतात आणि पंचशीलाबाई त्यांना माझ्यावर तार मारायला शिकवतात. काही मुलांचा पाय पायडलापर्यंत पोचत नाही. आतलं मशीन चालू झालं की भिंत थरथरते आणि माझ्या पोटात जुना जाळ उठतो. नाही कसं म्हणू? आज अंक बांधायचं खरं काम त्याच्याकडे आहे.

चंपीच्या पानावर आता दोन नावं असतात, सारख्या अक्षरांत. ‘चित्रं : पंचशीला. बोलणं : सुकन्या.’ त्यासाठी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या शाळेत, घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल तर त्याला अधूनमधून तेल द्या. दोन थेंब पुरतात. गंज बाहेरून दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. आणि तुमच्या वर्गात कुणाचं चित्र, कुणाचा आवाज, कुणाचं अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं असेल आणि तुमच्या पोटात दुखेल, तर घाबरू नका. सगळ्यांच्याच दुखतं. फक्त ते दुखणं मनात धरून कुणाचं चांगलं काम मोडायला हात उचलू नका. जमलं तर त्यालाच जाऊन सांगा. बहुतेक वेळा त्याचंही काहीतरी अडलेलं असतं आणि ते तुमच्यापाशी असतं.

आता मी थांबतो. आज नवा अंक निघालाय आणि सुकन्याबाई लातूरच्या गाडीनं आल्यात. चप्पल काढून माझ्याजवळच्या खुर्चीत बसल्यात. अंक हातात आहे, पानं उलटतायत. चंपीचं पान आलं. चित्र बघून आधी त्यांचे ओठ आवळले जातात. ते अजून दर महिन्याला होतं. मग त्या स्वतःच लिहिलेलं वाचतात, पुन्हा चित्र बघतात, पुन्हा वाचतात आणि त्यांना हसू आवरत नाही. आतल्या खोलीतून पंचशीलाबाई विचारतात, “आलं का हसू?”

“आलं,” त्या म्हणतात.